आईचा एकर

दसरा-दिवाळीची आवराआवर आमच्या घरी आई करते. आम्ही नुसते तिच्या हाताखाली राबतो. यंदाही घट बसायच्या आधी तिने माळा मोकळा करायचा हुकूम सोडला. तांब्याचा बंब खाली आला, माझ्या वाळून खडक झालेल्या रंगांच्या डब्या आल्या, सुतळीने बांधलेले कांदापट्ट्यांचे गठ्ठे आले, आणि सगळ्यांच्या मागून दादांची पत्र्याची पेटी आली. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन आता आठ वर्षे होतील. पेटीत ‘शेतकरी संघटक’चे जुने अंक होते, त्यांवर घडी घातलेली टोपी होती, आणि टोपीच्या घडीत शेतकरी संघटनेचा गोल लाल बिल्ला होता. मागची टाचणी गंजून मोडली होती.

तो हातात घेऊन मी ओट्यावर बसलो होतो, तेवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी येऊन उभा राहिला. पोरगा हुशार आणि सरळ. डी. एड. झाले, पात्रता परीक्षा झाली, आणि आता चार वर्षे तो जागेच्या शोधात आहे. थोडे इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्याने खरे काम काढले. एका संस्थेत जागा निघते आहे, काम होण्यासारखे आहे, फक्त ‘इमारत निधी’ द्यावा लागेल. आकडा त्याने खालच्या आवाजात सांगितला. आकडा मोठा होता. मग अगदी सहज त्याने विचारले,

“सर, तुमच्या वेळी किती होता?”

प्रश्नात कुचकेपणा असता तर मला बरे वाटले असते. पण त्यात काहीच नव्हते. कांद्याला तुमच्या वेळी काय भाव होता, असे विचारावे तसे त्याने विचारले. शिक्षकाला उत्तर येत नसले म्हणजे तो फळा पुसायला लागतो. मी म्हटले, “बस, चहा घे.”

चहा होईपर्यंत माझ्या मनात जे येऊन गेले ते इथे लिहितो आहे. गोष्ट आमच्या घरातली आहे. पण तिची मुळे एका मोठ्या भांडणात आहेत, आणि ते भांडण आमच्या घरापेक्षा बरेच जुने आहे.

आमचे गाव निफाड तालुक्यात, कांदा आणि ऊस यांच्या मधोमध. 1980 च्या नोव्हेंबरात भाऊबीज नुकतीच होऊन गेली होती आणि मी अजून जन्माला यायचा होतो. शरद जोशी हे नाव आमच्याकडे तेव्हा नवे होते. टपाल खात्यातला मोठा अधिकारी, स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत नोकरी केलेला हा माणूस ते सगळे सोडून परत येतो, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतो, स्वतः शेती करून पाहतो, आणि वहीत हिशेब मांडून सांगतो की बाबांनो, तुम्ही आळशी नाही आणि अडाणीही नाही. तुमच्या मालाचे भाव सरकार पाडते म्हणून तुम्ही गरीब आहात. असे आम्हांला कोणी सांगितलेच नव्हते. आजवर जो आला तो दारू सोडा, लग्नात खर्च कमी करा असेच सांगून गेला होता.

10 नोव्हेंबरला जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे अडवायचे ठरले. उसाला टनामागे 300 रुपये आणि कांद्याला रास्त भाव, ही मागणी. दादा आणि शेजारच्या मळ्यातले नाना खेरवाडीला रुळांवर जाऊन बसले. तिथे गोळीबार झाला, शेतकरी मेले. नानांच्या गुडघ्यावर लाठी बसली आणि तो पाय पुढे कधी नीट मुडपला नाही. पंगतीला नाना एक पाय लांब करून बसत. वाढणारा तो पाय ओलांडीत नसे, वळसा घालून जाई.

‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा मी बाराखडीच्या आधी शिकलो. तिच्यामागचा विचार मला पुष्कळ पुढे कळला. सरकारने शेतकऱ्याला सवलत देऊ नये आणि त्याला लुटूही नये. निर्यातबंदी नको, लेव्ही नको, माल कुठे विकायचा याची बंधने नकोत. माणसाला त्याच्या मालाचा मालक राहू द्यावे, त्याचे बरेवाईट त्याला ठरवू द्यावे, आणि सरकारने चोरदरोडेखोरांचा बंदोबस्त करून बाकीचे सोडून द्यावे. जोशी या विचाराला स्वतंत्रतावाद म्हणत. दादा इतका मोठा शब्द वापरीत नसत. ते म्हणत, “आमच्या छातीवरनं उठा म्हणजे झालं.”

आता कोणाच्या छातीवरून उठायचे म्हटले की घरातल्या माणसालाही उठावे लागते. 1986 च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. दिवाळी सरली होती. आईने उरलेला चिवडा आणि करंज्या फडक्यात बांधल्या, मला काखेत घेतले आणि गावातल्या बायकांबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून ती गेली. मी पाच वर्षांचा होतो. मला आठवतात त्या फक्त लुगड्यांचे रंग आणि धूळ. आई मात्र त्यानंतर दादांसमोर खाली मान घालून बोलेनाशी झाली, असे आजी मरेपर्यंत कुरकुरत असे.

पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला. नवऱ्याने आपल्या जमिनीतला तुकडा आपणहून बायकोच्या नावे करायचा. कायद्याची सक्ती नाही, सरकारची योजना नाही. ज्याला पटेल त्याने करावे. 1991 च्या उन्हाळ्यात दादांनी विहिरीकडचा दीड एकर आईच्या नावावर केला. तलाठ्याने दोनदा विचारले, “नक्की ना?” देवळापुढच्या सभेत दादांनी सातबाऱ्याचा उतारा आईच्या हातात दिला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “आजपासून ही जमीन तुझी. पेर, पड ठेव, विकून टाक. मी विचारणार नाही.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. नानांनीही वाजवल्या, त्यांनी आपला तुकडा आदल्याच आठवड्यात बायकोच्या नावे केला होता.

दादा आणि नाना यांच्यात फट पडली ती याच सुमारास.

सुरुवातीची वर्षे जोशी सांगत, आपण राजकारणात जाणार नाही. 1990 त संघटनेचे लोक जनता दलाच्या चिन्हावर विधानसभेला उभे राहिले आणि काही निवडूनही आले. त्याच काळात विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारने जोशींना शेतीविषयक सल्लागार समितीचे अध्यक्ष नेमले, मंत्र्याच्या दर्जाने. नाना म्हणाले, “ज्याला छातीवरनं उठ म्हणत होतो, त्याच्याच मांडीवर बसलो.” दादा म्हणाले, “कान तिथनं जवळ पडतो.”

1994 त स्वतंत्र भारत पक्ष निघाला आणि फट होती तिची भेग झाली. त्याचे कारण एक कागद. लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात 1988 साली 29 अ हे कलम घातले गेले. त्याप्रमाणे ज्या पक्षाला नोंदणी हवी असेल त्याने आपल्या नियमांत लिहून द्यायचे, की समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांशी आमची निष्ठा राहील. आता ज्यांचा सगळा जन्म समाजवादी धोरणाने शेतकरी नागवला हे सांगण्यात गेला, त्यांनीच समाजवादाशी निष्ठा लिहून द्यायची! नाही द्यायची तर पक्ष नाही, चिन्ह नाही.

एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर यावरून झालेले बोलणे मला शब्दशः आठवते. मी तेव्हा नववीत होतो.

नाना म्हणाले, “देवळात जायचं तर दारात चप्पल काढावी, हे समजतं. इथं तर देवच बाहेर ठेवून आत या म्हणतात.”

दादा म्हणाले, “अन् बाहेर उभं राहून देव दिसतो का?”

“कळस तर दिसतो.”

यावर दादा काही बोलले नाहीत. नाना उठले, त्यांनी सदऱ्यावरचा बिल्ला काढला, दादांच्या हातात दिला नाही, फेकलाही नाही. खिशात घातला आणि पाय ओढीत घरी गेले. त्यानंतर दोघे एकमेकांच्या बांधावर बसत, विडीला विडी लावीत, पाण्याच्या पाळ्या सांभाळीत. पण संघटनेचा विषय निघाला की एकजण आभाळाकडे पाही.

हे भांडण आमच्या ओट्यावरच जन्मले असे मला कितीतरी वर्षे वाटत होते. पुढे वाचत गेलो तेव्हा कळले की हा विचार जिथे जिथे गेला तिथे तिथे हे भांडण त्याच्या पाठोपाठ गेले आहे. राजाजींनी 1959 त स्वतंत्र पक्ष काढला. 1967 त त्याचे 44 खासदार होते. 1971 त इंदिराबाईंना पाडायचे म्हणून तो चार वेगळ्या विचारांच्या पक्षांच्या आघाडीत शिरला आणि आठांवर आला. 1974 त लोकदलात विरून गेला. त्याच परंपरेतल्या मुंबईच्या काही मंडळींनी समाजवादाच्या त्या कागदावर सही करायला साफ नकार दिला आणि ते उच्च न्यायालयात गेले. पक्ष परत उभा राहिला नाही. सही मात्र झाली नाही.

अमेरिकेत तर या विचाराच्या लोकांनी 1971 साली आपला वेगळा पक्षच काढला. ज्या आयन रँडबाईंची पुस्तके वाचून त्यांतले पुष्कळजण या वाटेला लागले होते, त्या बाईंनीच त्यांना झिडकारले. पहिल्या निवडणुकीत, 1972 त, त्यांच्या उमेदवाराला निर्वाचकांचे एक मत पडले. तेही दुसऱ्या पक्षाच्या निर्वाचकाने आपल्या पक्षाची शिस्त मोडून दिलेले. 1988 त रॉन पॉल नावाचे एक डॉक्टर त्यांच्यातर्फे अध्यक्षपदाला उभे राहिले. अर्धा टक्कासुद्धा मते मिळाली नाहीत. मग ते जुन्या, मोठ्या रिपब्लिकन पक्षात परत गेले, 1997 पासून पुन्हा वर्षानुवर्षे संसदेत बसले आणि तिथे आपल्याच पक्षाच्या विरुद्ध ‘नाही’ म्हणत राहिले. कितीदा तर एकटेच. त्यांना नावच पडले ‘डॉक्टर नाही’. हे वाचले त्या रात्री मला दादांची फार आठवण झाली. दादा असते तर म्हणाले असते, बघ, मांडीवर बसून चिमटा काढता येतो.

कादंबरी लिहिताना मी दोघांपैकी एकाला बरोबर ठरवले असते. वाचकालाही ते सोयीचे पडते. पण 2004 साली हे भांडण ओट्यावरून उठून आमच्या स्वयंपाकघरात आले, आणि तेव्हापासून माझी ती सोय गेली.

त्या वर्षी शरद जोशी राज्यसभेवर गेले, शिवसेना आणि भारतीय जनता पक्ष यांच्या पाठिंब्यावर. एकेकाळी जातीयवादी राजकारणावर कडाडून टीका करणारे जोशी त्यांच्याच मतांवर गेले, हे पुष्कळांना रुचले नाही. राजू शेट्टी त्याच वर्षी बाहेर पडले आणि त्यांनी स्वाभिमानी शेतकरी संघटना काढली. (तीही 2014 त त्याच युतीत गेली आणि 2017 त बाहेर आली, पण ते पुढचे.) नाना दहा वर्षांनी प्रथमच मुद्दाम ओट्यावर आले आणि वर्तमानपत्र दादांपुढे ठेवून उभे राहिले. दादा म्हणाले, “गाडी कुणाची का असेना, उतरायचं गाव आपलं आहे.”

त्याच आठवड्यात माझा निरोप आला. मॅट्रिकच्या पुढे मी कॉलेजची पायरी चढलो नाही. चित्रकला शिक्षकाची पदविका तेवढी घेतली होती आणि तीन वर्षे तासिकेवर राबत होतो. वय तेवीस. एका अनुदानित शाळेत कायम जागा निघाली होती. संस्थेने दीड लाख मागितले.

दादा ताडकन म्हणाले, “एक पैसा मिळायचा नाही. लाच देऊन सरकारी पगाराची नोकरी! खायचंच तर दोन्ही हातांनी शेण खायचं का?”

आई भाकरी थापीत होती. ती वळलीही नाही. म्हणाली, “राज्यसभेला चालतं, आन् पोराला चालत नाही का?”

दादांनी तिला समजावून सांगितले. तिथे पैशाची देवघेव नाही. तिथे जायचे ते सगळ्यांचे दार उघडायला. इथे आपण आपल्यापुरते दार उघडतो आणि मागच्याच्या तोंडावर लावून घेतो. दादांचे म्हणणे चूक नव्हते. ते चूक नव्हते हे मला त्या दिवशीही कळत होते, आणि तरी मी मान खाली घालून गप्प बसलो होतो. आई म्हणाली, “सगळ्यांसाठी वाकलं ती तडजोड, घरच्यासाठी वाकलं ती लाच. बरं आहे. तुमचं सोवळं तुमच्यापाशी. जमीन माझ्या नावची आहे. मी एक एकर विकते.”

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. दादांनी तोंड उघडले आणि मिटले. देवळापुढे सगळ्या गावादेखत त्यांनीच सांगितले होते, ‘विकून टाक, मी विचारणार नाही.’ तेरा वर्षांनी ते वाक्य असे घरी परत आले होते. दादा आयुष्यभर ज्या स्वातंत्र्यासाठी भांडले, ते आईने पहिल्यांदा वापरले ते त्यांच्याविरुद्ध. आणि त्यांना ते काढून घेता येईना.

तो एकर नानांनी घेतला. मला वाटले होते, नाना घेणार नाहीत. लाचेसाठी विकायची जमीन त्यांच्या हाताला कशी चालेल? मी भीतभीत तसे म्हणालो. नाना म्हणाले, “वहिनी आपल्या मालाची मालक आहे. ती कशासाठी विकते हे विचारायचा मला काय हक्क? मी फक्त पडका भाव देणार नाही.” आणि त्यांनी चालू भावापेक्षा एक पैसा कमी दिला नाही. नानांच्या विचाराचे सोवळे इतके कडक होते की त्यानेच त्यांना आमच्या लाचेच्या व्यवहारात आणून बसवले.

खरेदीखताच्या दिवशी निफाडच्या निबंधकाच्या कचेरीत दादा आले. त्यांची सही लागत नव्हती. ते बाहेर लिंबाच्या पारावर बसून राहिले आणि काम झाल्यावर कोणाच्याही गाडीत न बसता पायी घरी आले. नोकरी लागल्यावर मी पेढे आणले. दादांनी एक हातात घेतला, पुष्कळ वेळ धरला आणि आईला दिला. माझ्या पगाराला त्यांनी मरेपर्यंत हात लावला नाही. त्यांची विडी, त्यांची औषधे, त्यांची एस. टी. सगळे कांद्याच्या पट्टीतून. ज्या वर्षी कांदा गेला त्या वर्षी औषधेही गेली.

इथवर ही गोष्ट मी अनेकदा मनात सांगितली आहे, आणि दर वेळी ती आईच्या बाजूने संपवली आहे. आईने तडजोड केली, पण आपल्या वाट्यातून केली. दादांच्या शुद्धतेचा खर्च माझ्या खात्यावर पडत होता. तिने आपल्या तडजोडीचा खर्च आपल्या एकरातून दिला. यावर मी स्वतःचे समाधान करून घेत असे.

पण एक गोष्ट मी सांगायची टाळतो. त्या जागेसाठी माझ्याबरोबर आणखी एक मुलगा आला होता. सटाण्याकडचा असावा. आम्ही बाकावर शेजारी बसलो होतो; त्याने आपली चित्रे दाखवली. एक बैलांच्या बाजाराचे होते. मी गेली वीस वर्षे मुलांची चित्रे तपासतो आहे. तसा बैल मला परत कोणी काढून दाखवलेला नाही. त्याचे नाव मी विचारले नाही. आईने आपला एकर दिला हे खरे. पण त्या मुलाची जागा काही आईची नव्हती, माझीही नव्हती. तडजोडीचा सगळा खर्च आपणच दिला, असे म्हणणाऱ्याने बाकावर शेजारी कोण बसले होते तेही एकदा पाहावे.

आता राज्यसभेचे सांगून संपवतो. जोशींनी तिथे समाजवादाच्या त्या कागदाची अट काढून टाकावी म्हणून खासगी विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. मग 9 मार्च 2010 हा दिवस आला. महिला आरक्षणाचे विधेयक राज्यसभेत मताला पडले. बाजूने 186, विरुद्ध एक. तो एक म्हणजे शरद जोशी. ज्या पक्षांच्या पाठिंब्याने ते तिथे गेले होते, ते पक्षही बाजूने होते. जोशींचे म्हणणे असे होते, की मतदारसंघ फिरते ठेवले तर निवडून आलेली बाई पुढच्या खेपेला कुठली राहील हेच ठरलेले नसणार. मग ती आपला मतदारसंघ बांधील कशी?

आम्ही सगळे दूरदर्शनपुढे बसलो होतो. आई उसळली. “चांदवडला आम्हांला उभं केलं ते यांनीच, आन् आज हात आडवा?” दादा तिला फिरत्या मतदारसंघांचे समजावू लागले. ती म्हणाली, “ते मला कळलं. त्यांचं बरोबर पण असेल. पण एवढ्यासाठीच गेले होते का तिथं?”

दादा म्हणाले, “एवढ्यासाठीच.”

त्यांचा आवाज जड झाला होता. नंतर ते उठले आणि काळोखात बांधाबांधाने नानांच्या मळ्यात गेले. दोघांचे काय बोलणे झाले ठाऊक नाही. त्यांना परत यायला फार रात्र झाली.

मला त्या रात्रीपासून वाटत आले आहे, की एकाचे मत पडायलासुद्धा आत बाक लागतो, आणि तो बाक कोणीतरी वाकल्याशिवाय मिळत नाही. पण आत गेल्यावरही ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, तो उगाच वाकला. आणि नानांसारखी कळस पाहून परतणारी माणसे गावात नसली तर आतल्याला आपण वाकलो आहोत हेच कळायचे नाही. हे सुबक वाटते, पण फार सुबक मानू नये. 2015 च्या डिसेंबरात जोशी गेले. दोन वर्षांनी दादा गेले, मग नाना. कांद्याची निर्यात 2019 त बंद झाली, 2020 त बंद झाली, 2023 त पुन्हा बंद झाली. बिल्ला लावलेल्या सदऱ्याला आणि बिल्ला काढलेल्या सदऱ्याला बाजारात भाव एकच मिळाला.

चहा आला. पोरगा वाट पाहत होता. मी त्याला सांगितले, “दीड लाख. आईचा एक एकर. आणि आणखी एका मुलाची जागा.”

तो गप्प झाला. आई केव्हा दारात येऊन उभी राहिली होती कोणास ठाऊक. तिने विचारले, “पैसे कुठून देणार बाबा?”

“वडील तीस गुंठे विकायचे म्हणतात.”

“आईला विचारलं?”

“आईला काय विचारायचं, आजी?”

“सातबाऱ्यावर नाव कुणाचं?”

“वडलांचं.”

“मग आधी तिला विचार. आन् मग तुझं तू ठरव.” एवढे बोलून ती आत गेली.

पोरगा चहा संपवून उठला. त्याने काय ठरवले ते अजून मला कळलेले नाही. द्यावे की देऊ नये हे मी त्याला सांगितले नाही. तो अधिकार मी 2004 साली दीड लाखाला विकून बसलो आहे.

लक्ष्मीपूजनाला आई पाटावर उरलेल्या अर्ध्या एकराचा सातबारा ठेवते. यंदा त्यावर दादांचा बिल्ला ठेवायचा, असे तिने सांगितले आहे. मी म्हणालो, “टाचणी मोडली आहे. आता लावता यायचा नाही.”

“लावायचा कशाला?” ती म्हणाली. “ठेवायचा.”